माझ्या ताईला तिकडे ताई म्हणणारे लोक

माझी मोठी बहीण डॉक्टर आहे. गेली सव्वीस वर्षं ती मोझांबिकच्या उत्तर भागात एका गावी कुष्ठरोग्यांवर उपचार करते. हे वाक्य मी इतक्या जणांना सांगितलंय की आता ते तोंडातून आपसूक बाहेर पडतं. समोरच्याचा चेहरा दर वेळी तसाच होतो. "बापरे, केवढं काम." मग जरा थांबून, विचारायला हवं म्हणून, "आणि तुम्ही?" मी बेलापूरला एका सरकारी ऑफिसात क्लार्क आहे, असं मी सांगते. त्यावर पुढं काही विचारण्यासारखं उरत नाही.

लोकांना वाटतं, मला तिच्या नावाचा हेवा वाटत असेल. तसं नाही. मला हेवा वाटतो तिच्या पेशंटांचा. तिकडे तिला सगळे 'माना' म्हणतात. त्यांच्या भाषेत माना म्हणजे ताई. पहिल्या खेपेला सुट्टीवर आली तेव्हा तिनंच हे हसत हसत सांगितलं होतं. आईनं ते सगळ्या बिल्डिंगला सांगितलं. मी मात्र आत जाऊन कुकर लावला. शेकडो माणसं माझ्या ताईला ताई म्हणत होती, आणि मला ते म्हणायला तीन वर्षांतून तीन आठवडे मिळत होते.

हे असं का, ते सांगायचं तर घणसोलीच्या खोलीपासून सांगावं लागेल.

आईवडील परभणीकडचे. वडिलांना इकडच्या औद्योगिक पट्ट्यात केमिकल कंपनीत काम मिळालं, म्हणून आम्ही घणसोली गावात भाड्याच्या खोलीत आलो. एका बाजूला पिठाची गिरणी, दुसऱ्या बाजूला घरमालकिणीचा गोठा. ताई मुंबईला मेडिकल कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होती. हॉस्टेलवर राहायची, शनिवारी घरी यायची. मी नववीत होते. आमच्या वस्तीत डॉक्टर होणारी ती पहिलीच, त्यामुळे ती आली की घर आवाज न करता चालायचं. वडील रेडिओ बंद करायचे. मी भाकरी थापताना हात हळू आपटायचे.

माझ्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली, एक फिकट चट्टा होता. बंद्या रुपयाएवढा असेल. खाजायचा नाही, दुखायचा नाही. आई त्यावर लिंबू चोळायची आणि म्हणायची, उन्हानं पडलाय, जाईल.

एका शनिवारी मी भाकऱ्या करत होते आणि ताई ताट घेऊन माझ्यासमोर जेवायला बसली होती. तव्याची कड माझ्या हाताला लागली. मला कळलंच नाही. मी भाकरी उलटली, पुढची थापायला घेतली.

"बारके," ताई म्हणाली, "हात दाखव."

चट्ट्यावर लालभडक चटका उठला होता. ताई ताटावरून उठली, हात धुतला, गादीच्या उसवलेल्या शिवणीतून थोडा कापूस ओढला आणि त्याला पीळ देऊन टोक काढलं.

"डोळे मीट. कापूस लागेल तिथं बोट ठेवायचं."

मी डोळे मिटले. मनगटावर लागला, बोट ठेवलं. दंडावर लागला, बोट ठेवलं. मग काहीच लागेना. मी वाट बघत बसले. बराच वेळ झाला म्हणून डोळे उघडले, तर ताई चट्ट्यावर कापूस टेकवून बसली होती आणि माझ्याकडे बघत होती.

सोमवारी ती मला आपल्या हॉस्पिटलात घेऊन गेली. तिच्या सरांनीही कापूस आणि टाचणी घेऊन तेच केलं. सहा महिन्यांच्या गोळ्या होत्या. महिन्यातून एकदा तिथं, त्यांच्यासमोर घ्यायच्या, बाकी रोज घरी. वेळेत सापडलंय, पूर्ण बरी होईल, कुणाला लागणार नाही, असं सरांनी सांगितलं. कुष्ठरोगाची सुरुवात होती. मला त्यातलं एवढंच कळलं, की माझ्यामुळे ताईचा चेहरा उतरलाय.

घरी आल्यावर आईनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं आमच्या तिघांकडून शब्द घेतला.

"ह्या चार भिंतींच्या भाईर गेलं तर माझ्या गळ्याची आन हाय. लेकीचं लगीन व्हायचंय."

घरमालकिणीनं एकदा विचारलंच, "पोरीला रोज कसल्या गोल्या देता गो?"

"रगत कमी हाय तिचं," आई म्हणाली.

पहिल्या गोळ्या घेतल्या त्या दिवशी लघवी लाल झाली आणि मी रडत बसले. ताईनं त्याच्यासाठी हॉस्टेलवरून मधल्या वारी येऊन समजावलं, की हा गोळीचा रंग आहे, रक्त नाही. मग ती बुधवारीही यायला लागली. परीक्षा तोंडावर असतानाही आली. दर वेळी तेच. डोळे मीट, कापूस, बोट. ती बॉलपेननं चट्ट्याच्या भोवती रेघ मारायची आणि पुढच्या वेळी चट्टा रेघेच्या आत किती सरकला ते बघायची. बघता बघता मला कॉलेजातल्या गमती सांगायची. हॉस्टेलच्या मेसमधल्या चपात्या वातड असतात ते सांगायची. वडिलांनासुद्धा तिनं कधी एवढं सांगितलं नसेल. त्या सहा महिन्यांत मी तिची एकुलती एक पेशंट होते, आणि तेवढे सहा महिने ती माझी होती.

मी बरी झाले. चट्टा गेला, कापूस कळायला लागला. त्यानंतरच्या शनिवारी ताई आली, जेवली आणि पुस्तक उघडून बसली. मी तिच्यासमोर हात धरला. तिनं एकदा बघितलं, "छान," म्हणाली आणि पान उलटलं. चट्टा परत यावा असं तेव्हा मला वाटलं होतं. शाळेत जाणाऱ्या मुलीला असं वाटावं हे बरं नाही, पण वाटलं होतं.

पुढं तिनं त्वचारोगाचं शिक्षण घेतलं. तिच्या बरोबरच्यांनी दवाखाने टाकले, ही कुष्ठरोगाच्या कामात गेली. माझं लग्न झालं, आणि पुढच्याच वर्षी एका संस्थेतर्फे ती मोझांबिकला गेली. दोन वर्षांसाठी म्हणून गेली होती. तिथं लोक रोग लपवून जंगलाकडेला राहतात, बोटं गेल्यावर येतात, असं ती सांगायची. ती सायकलवर, कधी ट्रकच्या मागे बसून गावोगावी जायची आणि झाडाखाली बसून लोकांच्या पाठी, हात, पाय तपासायची. दोनाची चार झाली, चाराची दहा. लग्न केलं नाही. वडील गेले तेव्हा ती तिसऱ्या दिवशी पोचली. विहारातून परत आलेल्या बायका आईला सोडून तिच्याच गळ्यात पडल्या.

आई माझ्याकडे आली. आधी घणसोलीहून आम्ही सगळे नेरूळला आलो होतो, मग वडिलांच्या मागे आई आमच्या फ्लॅटमध्येच राहिली. गेली चार वर्षं ती फारशी हिंडत फिरत नाही. तिला शुगर आहे. तिची आंघोळ, तिचं इंजेक्शन, तिचं खाणं, सगळं ऑफिसला जायच्या आधी मी करते. तक्रार म्हणून लिहीत नाही. आई माझी आहे.

या वर्षी ताई तीन महिन्यांसाठी आली. साठ उलटल्यावर तिला संस्थेनं सक्तीनं रजा दिली होती. ती दारात आली, बॅग ठेवली, आईच्या पलंगावर बसली आणि बोलता बोलता आईचा पाय मांडीवर घेतला. मी चहा ठेवायला गेले. परत आले तर ताई वाकून आईच्या तळव्याकडे बघत होती.

"हे कधीपासून आहे?"

अंगठ्याच्या खाली जाड घट्टा होता. तो मला माहीत होता. ताईनं तो दाबला, तर कडेनं पाणी आलं. आत जखम होती. आईला काही कळत नव्हतं, ती ताईच्या केसांवरून हात फिरवत होती. शुगरनं तिचे पाय बधीर झाले होते. चार वर्षं तो पाय मी रोज धुतला होता, आणि जे मला दिसलं नव्हतं ते माझ्या बहिणीला दहा मिनिटांत दिसलं.

"मी रोज बघते तिचे पाय," मी म्हणाले.

"वरून दिसत नाही गं. घट्ट्याच्या आत असतं."

ती मऊ आवाजात म्हणाली. तरी मला तो आवाज सहन झाला नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं आमच्या जवळच्या सर्जनला दाखवून घेतलं, आणि मग तिचं सुरू झालं. रोज सकाळी ती जमिनीवर बसायची. जखमेचा पाय स्वच्छ करून पट्टी बांधायची. दुसरा पाय पाण्यात भिजवायचा, खरखरीत भाग हलक्या हातानं घासायचा, तेल लावायचं. बॅगेतून नायलॉनचा बारीक दोरा काढून तळव्याला टेकवायची. "आई, लागलं?" आई म्हणायची, "न्हाई." नेरूळ स्टेशनाजवळच्या चांभाराकडे स्वतः जाऊन तिनं मऊ रबराच्या तळाची चप्पल करून आणली. त्याला कागदावर पायाचा आकार काढून दिला होता. तो चांभारसुद्धा तिला दोन दिवसांत ताई म्हणायला लागला.

एका सकाळी मी डबा भरत होते आणि आई तिला म्हणाली, "चार वरसं झाली, कुनी असा पाय हातात धरला न्हाई बाई."

मी डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसत नव्हतं, तरी लावलं आणि निघाले. त्या दिवशी ऑफिसात माझ्या हातून तीन पत्रं चुकीच्या फाइलीत गेली. पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "काय टेन्शन आहे का घरी?" मी म्हणाले, "नाही, बहीण आलीय." त्या म्हणाल्या, "अरे वा, मग मजा आहे."

दुसऱ्या महिन्यात विहाराच्या महिला मंडळानं ताईचा सत्कार ठेवला. आमच्या सोसायटीच्याच हॉलमध्ये. शाल, फुलं, लहान मुलींचं स्वागतगीत. आईला व्हीलचेअरवर पहिल्या रांगेत बसवलं होतं. माझा नवरा आणि माझी मुलगी तिच्या दोन बाजूंना. मला ताटं आणि पाणी बघायचं होतं, म्हणून मी मागे दाराशी उभी होते.

एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही या कामाकडे कशा वळलात?"

ताईनं माइक जरा लांब धरला. "मी शिकत होते तेव्हा घणसोलीला आमच्या खोलीशेजारी एक म्हातारे गृहस्थ राहायचे. त्यांच्या हातावर एक चट्टा होता. एकदा त्यांना तव्याचा चटका बसला आणि त्यांना तो कळलाच नाही. ते माझे पहिले पेशंट. ते पूर्ण बरे झाले. तेव्हा मला वाटलं, हे तर किती साधं आहे, वेळेत बघणारं कुणी हवं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पाण्याचा जग धरून तशीच उभी राहिले. आमच्या खोलीशेजारी गिरणी होती आणि गोठा होता. म्हातारा नव्हता. तिनं माझी जागा काढून एका नसलेल्या माणसाला दिली होती. आणि ते इतक्या सहज बोलली होती, की ही काही पहिली वेळ नाही हे मला कळलं.

घरी आल्यावर आई झोपली. नवरा आणि मुलगी भाड्याच्या खुर्च्या परत करायला खाली गेले. ताई स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकली आणि उरलेला चिवडा खायला लागली.

"कोण गं ते म्हातारे?" मी विचारलं.

तिनं हातातला चिवडा वाटीत परत टाकला.

"तीस वर्षं झाली मला ते सांगून," ती म्हणाली. "आईनं आण घातली होती. तुझं लग्न व्हायचं होतं."

"लग्न होऊन सत्तावीस वर्षं झाली."

"मग तू सांगितलंस घरात?"

मी सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. मी भांडी विसळायला घेतली.

"तू सांगितलं नाहीस, म्हणून मी सांगितलं नाही," ताई म्हणाली. "इकडे सांगितलं नाही."

"म्हणजे?"

तिनं फोन काढला, एक फोटो शोधला आणि माझ्यासमोर धरला. माझे हात ओले होते, तिनंच तो धरून ठेवला. तिच्या दवाखान्याची खोली होती. भिंत निळी, एक बाक, गोळ्यांचं कपाट. कपाटाच्या दारावर माझा फोटो चिकटवलेला होता. ऑफिसच्या पिकनिकचा, मुलगी कडेवर असतानाचा. मीच तो तिला कधीतरी पाठवला होता.

"कुणी नवीन आलं की त्यांना वाटतं सगळं संपलं. नवरा टाकून देईल, बायको निघून जाईल. मग मी त्यांना हा दाखवते. ही माझी सख्खी बहीण. हिला झाला होता, हिनं गोळ्या घेतल्या, हिला मुलगी आहे, ही ऑफिसला जाते. लोक जवळ जाऊन बघतात. एक आजी आहे, ती दर महिन्याला विचारते, तुमच्या बहिणीची मुलगी केवढी झाली."

"मला न विचारता?"

"हो," ती म्हणाली. "न विचारता. विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

ते खरं होतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. मी तिला म्हणाले, की तू आईला दिलेला शब्द मोडलास. म्हणाले, की तुला सगळं जग मिळालं आणि मला आईचं इंजेक्शन. म्हणाले, की वडील गेले तेव्हा तू तिसऱ्या दिवशी आलीस. म्हणायचं नव्हतं ते सगळं म्हणाले. चिवड्याची वाटी हातात घेऊन ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "बारके, एक सांगू? तिकडे मी रोज पन्नास पाय हातात धरते, आणि रोज मला वाटतं की आईचे तू धरत असशील. मला त्याचा हेवा वाटतो."

मला तिच्यावर विश्वास ठेवायचा नव्हता. हे तिनं मला बरं वाटावं म्हणून म्हटलं असेल, असं अजूनही मधूनच वाटतं. आणि त्या फोटोचा मला आनंद व्हायला हवा होता, तोही नीट झाला नाही. कारण आता मला वेगळ्याच गोष्टीचा हेवा वाटत होता. ज्या मुलीला गोळ्या गिळताना भीती वाटली, जिचा आजार लपवून ठेवला, जी बरी झाली, ती मी त्या निळ्या खोलीतल्या परक्या लोकांना माहीत होते. एका आजीला माझ्या मुलीचं वय हवं होतं. माझ्या घरात मला असं कुणी ओळखत नव्हतं, आणि तो दोष त्यांचा नव्हता.

चार दिवसांनी, रविवारी सकाळी, मी नवऱ्याला आणि मुलीला बसवून सांगितलं. मुलगी म्हणाली, "मग त्यात काय मम्मी, बरी झालीस ना," आणि मग ती रडली. नवरा काही बोलला नाही. दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर बूट काढता काढता म्हणाला, "तेव्हा सांगितलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं बहुतेक. माझ्या आईनं तर नक्कीच. म्हणून बोलत नव्हतो. माझीच लाज वाटत होती." सत्तावीस वर्षांत तो माझ्याशी इतकं खरं कधी बोलला नव्हता. मी त्याला चहा दिला.

आईची जखम नवव्या आठवड्यात भरली. ताईनं बॅग भरायला घेतली तेव्हा आईनं तिचा हात धरला. "आता बास की बाई. हितंच राहा. हितं कमी हायत का आजारी?" ताई तिच्याजवळ बसली, खूप वेळ बसली, पण थांबते असं म्हणाली नाही. ती गेली. आई दोन दिवस नीट जेवली नाही. पायाला तेल लावताना मला म्हणायची, "ती जरा हळू लावती." मी जरा हळू लावायचे.

पुढच्या आठवड्यात मी ऑफिसात पासपोर्टसाठी ना-हरकतीचा अर्ज दिला. साहेब म्हणाले, "कुठं, दुबई?" मी सांगितलं ते ऐकून त्यांनी चष्मा काढला. ताईला फोनवर कळवलं तर ती म्हणाली, "डिसेंबरात येऊ नकोस, तेव्हा इकडे पावसाळा असतो, रस्ते वाहून जातात. जूनमध्ये ये."

आईला मी शेवटी सांगितलं. महिनाभराचाच प्रश्न आहे, माझी मुलगी आहे, तुझे जावई आहेत, नर्सबाई रोज येईल, सगळं ठरवलंय, असं सांगितलं. आई पलंगावर बसून मटार सोलत होती.

"तू बी?" ती म्हणाली. "तू कामून जाऊ लागलीस?"

"ताईचं काम बघायला."

"तिचं काम काय बगायचं. ती काय आजची हाय का तिकडं." तिनं शेंगा बाजूला सारल्या. "तू गेलीस तर माझं काय? मला तुझ्यावाचून करमत न्हाई."

इतक्या वर्षांत आईनं हे मला कधी म्हटलं नव्हतं. मी तिच्या शेजारी बसले आणि तिच्या पुढ्यातल्या शेंगा सोलायला घेतल्या. जाणार आहेच, असं तिला सांगितलं. तिकीट अजून काढलेलं नाही.